इंजिन ब्रेक तापल्यावर अर्धाच लागतो: एसपीएन १०७३, एफएमआय ५. ईसीएम बदलू का?

डंपरमिस्त्री

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एका आर्टिक्युलेटेड डंपरने जीव खाल्लाय, म्हणून धागा काढतोय.

मशीन सहा सिलिंडरचं, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, २४ व्होल्ट. टॅपेट कव्हरखाली (वाल्वांवरच्या झाकणाखाली) इंजिन ब्रेक आहे, कॉम्प्रेशन रिलीज जातीचा: कॉम्प्रेशनच्या शेवटी एक्झॉस्ट वाल्व उघडून इंजिनच गाडी रोखतं. दोन सोलेनॉइडचा (करंट मिळाला की तेलाची वाट उघडणारे विजेचे वाल्व). एक सोलेनॉइड पुढचे तीन सिलिंडर सांभाळतो, दुसरा मागचे तीन. ब्रेकचा स्विच लोला (कमी जोर) असला की एकच चालतो, हायला (पूर्ण जोर) दोन्ही.

सकाळी मशीन थंड असताना ब्रेक असा धरतो की ऑपरेटर खूश. दीड-दोन तासांनी इंजिन पुरतं तापलं की हायला टाकूनही जोर लोएवढाच. आवाजसुद्धा अर्धा होतो. मध्येच पूर्ण येतो, परत जातो. पिवळा दिवा लुकलुकतो आणि विझतो. कोड वाचायचं टूल लावलं तर एसपीएन (कुठल्या सर्किटात दोष) १०७३ एफएमआय (कसला दोष) ५, इनॅक्टिव्ह (आत्ता नाही, आधी येऊन गेलेला), काउंट १४ (चौदा वेळा आलेला).

आतापर्यंत काय केलं: दोन नंबरचा सोलेनॉइड नवा टाकला. फ्यूज पाहिले, बॅटरीचे टर्मिनल घासले. टॅपेट कव्हरच्या बाहेरचा कनेक्टर काढून ईसीएमकडच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरकडच्या) बाजूला मीटर लावला, ब्रेकची आज्ञा दिल्यावर पूर्ण २४ येतात. सर्व्हिसवाले म्हणतात ईसीएम बदला. माझा हात धजत नाही.

तेलकट_हात

तेल तपासलं का? गरम झाल्यावर ब्रेक मरतो म्हटलं की माझा पहिला संशय तेलावर. तेल पातळ झालं, प्रेशर पडलं, सोलेनॉइडच्या ओ-रिंगा (रबरी सील) कडक झालेल्या असल्या की तेल ब्रेकच्या पिस्टनपर्यंत पोचायच्या आधीच गळतं. नवा सोलेनॉइड बसवताना ओ-रिंगा नव्या टाकल्या होत्या ना? खाचेतली जुनी रिंग आतच राहिली असंही होतं.

डंपरमिस्त्री

ओ-रिंगा नव्या, तेल लावूनच बसवल्या. जुन्या तिन्ही मोजून बाहेर काढल्या. गरम इंजिनला तेलाचं प्रेशरही मॅन्युअलच्या हद्दीत आहे.

लोडर_दादा

एफएमआय ५ म्हणजे शॉर्ट. हार्नेस (वायरींची जुडी) कुठेतरी घासून अर्थला टेकतोय. चासिसवरून जाणारी सगळी वायर बघा.

मीटरवाला

दादा, उलटं सांगताय. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त किंवा प्लसला शॉर्ट, ४ म्हणजे व्होल्टेज कमी किंवा अर्थला शॉर्ट, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट ओपन, ६ म्हणजे करंट जास्त किंवा सर्किट ग्राउंड. १०७३ हा इंजिन ब्रेकचा दोन नंबरचा आउटपुट, १०७२ एक नंबरचा. म्हणजे ईसीएम सांगतोय, "दोन नंबरला हुकूम दिला, पण करंट वाहिलाच नाही."

आणि तेलकट_हात, तेलाचा मुद्दा एरवी बरोबर, पण ईसीएमला ओ-रिंग दिसत नाही. त्याला दिसतो फक्त करंट. तेल गळत असतं तर ब्रेक मेला असता, पण हा कोड आला नसता. हा कोड येतो म्हणजे भानगड विजेच्या सर्किटातच आहे.

डंपरमिस्त्री, आता तुमच्या त्या "पूर्ण २४ येतात" बद्दल. कनेक्टर काढून मोजलंत, म्हणजे लोड काढून मोजलंत. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगओहम. वाटेत हजार ओहमचा सडका जोड असला तरी मीटर २४ दाखवणार, कारण त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. तारेचा एकच पेड शिल्लक असला तरी २४. शिवाय ते माप फक्त ईसीएमपासून कनेक्टरपर्यंतचं. कनेक्टरच्या पलीकडे इंजिनात काय आहे ते त्यात आलंच नाही.

सांगा:
१. नवा सोलेनॉइड टाकायच्या आधी जुन्याचे ओहम मोजले होते का?
२. बाहेरच्या कनेक्टरवरून इंजिनच्या बाजूचे, म्हणजे कॉइलचे ओहम थंड इंजिनला किती, गरमला किती?

गरमला किती, हे महत्त्वाचं. थंडचं माप कितीही गोड आलं तरी त्याला अर्थ नाही, दोष गरम असतानाच येतोय.

डंपरमिस्त्री

जुन्याचे मोजले नव्हते. कोड दोन नंबरचा, म्हणून दोन नंबरचा बदलला. आता कबूल करायला लाज वाटते.

जुना_खटारा

लाज कसली, निम्मे सोलेनॉइड असेच बदलले जातात.

हा ब्रेक १९६१ साली बाजारात आला. मूळ कल्पना क्लेसी कमिन्स यांची. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या केहोन खिंडीतून डिझेल ट्रक उतरवताना ब्रेक जवळजवळ गेले होते, तेव्हापासून हे त्यांच्या डोक्यात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांत वायरिंग इतकं साधं की पानाच्या मागे काढता येईल. डॅशचा स्विच, क्लचचा स्विच, पंपावरचा स्विच, तिन्ही एकामागे एक, आणि शेवटी सोलेनॉइड. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक स्विच ओलांडत जायचं, जिथे दिवा विझला तिथे दोष. पाच मिनिटांचं काम.

आता ते तिन्ही स्विच ईसीएमच्या पोटात गेलेत. पण ईसीएमपासून कॉइलपर्यंतची वायर अजून वायरच आहे. तिथे लॅम्प अजूनही चालतो. ब्रेकची आज्ञा चालू ठेवून लॅम्प लावा, मिणमिणला तर जोड खराब.

मीटरवाला

खटारा काका, इथे एक घोळ आहे. २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पेटल्यावर पाऊण अँपिअरपेक्षा जास्त घेतो. हे सोलेनॉइड चाळीसेक ओहमचे, म्हणजे ०.६ अँपिअरच्या आसपास. त्यात गार फिलामेंट पेटताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढतं. ईसीएमच्या ड्रायव्हरवर (आतल्या, करंट सोडणाऱ्या सर्किटवर) तो बल्ब लावला तर तो घाबरून आउटपुट बंद करेल आणि एफएमआय ६ चा नवाच कोड देईल. मग आपण त्याच्या मागे धावत सुटायचं. रिले, फ्यूज, अर्थ यांना बल्ब उत्तम. ईसीएमच्या पिनला लोड द्यायचा तर त्याच जातीचा चांगला सोलेनॉइड लावा.

जुना_खटारा

मान्य. आमच्या काळी बल्बला घाबरणारं कोणी नव्हतं.

नवशिक्या_२

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या टिपरचा इंजिन ब्रेक कधीच लागत नाही. थंड नाही, गरम नाही. कोडही नाही. हाच दोष असेल का? टिपर क्लचवाला आहे.

वायरीच_वायरी

नाही, तुमचं दुखणं वेगळं. कोड नाही म्हणजे ईसीएमच्या मते सगळं ठीक आहे, त्याने ब्रेकचा हुकूमच दिलेला नाही. तो काही अटी पाहतो: अॅक्सिलरेटर पूर्ण सुटलेला, क्लच दाबलेला नाही, इंजिनचे फेरे ठरावीक आकड्याच्या वर, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्या क्षणी ब्रेक सांभाळत नाही. कुठे तेलाचं तापमान, कुठे वाहनाचा वेगही. यातली एक अट खोटी पडली की हुकूम नाही.

टूल लावून लाइव्ह डेटा बघा. पाय पेडलवरून काढल्यावर अॅक्सिलरेटर खरंच शून्य दाखवतो का? क्लचला हात न लावता क्लच स्विच काय दाखवतो? क्लच स्विच "दाबलेला" अडकून राहिला तर ईसीएमला त्यात चूक दिसत नाही. त्याला वाटतं ड्रायव्हरचा पाय क्लचवर आहे, मग कोड कशाला देईल?

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनवाल्यांसाठी जाता जाता: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गियरबॉक्समधली तेलाची जोडणी) लॉक झाला नाही तर इंजिन ब्रेक लागूनही चाकांना त्याचा जोर नीट जाणवत नाही. ब्रेक कमजोर, कोड नाही, आवाज पूर्ण, असं असेल तर लॉकअपकडे बघा. धागाकर्त्यांचा आवाजच अर्धा होतोय, त्यामुळे त्यांचं ते नाही.

लोडर_दादा

एवढा किस कशाला पाडताय? बॅटरीवरून एक वायर, मध्ये स्विच, थेट सोलेनॉइडला. ऑपरेटर हवं तेव्हा लावेल. ईसीएमचा संबंधच नको.

जुना_खटारा

दादा, हे करू नका. मी केलंय, म्हणून सांगतो.

ईसीएम ब्रेक लावतो तेव्हा आधी इंधन बंद करतो. थेट स्विच दिला आणि ऑपरेटरचा पाय पेडलवर राहिला की इंधनही चालू, ब्रेकही चालू. कॉम्प्रेशनच्या शेवटी, सिलिंडरात जाळ भरलेला असताना, एक्झॉस्ट वाल्व उघडायला लावायचा. जे वाकतं ते नेहमी स्वस्तातलं नसतं. आयडलवर स्विच राहिला तर इंजिन बंद पडतं आणि त्याबरोबर स्टिअरिंग जड होतं, तेही उतारावर. माझ्या हातून रॉकर (वाल्व दाबणारा दांडा) वाकला तो दिवस मला अजून आठवतो.

तेलकट_हात

+१. आणि ब्रेक अर्धाच लागतोय हे माहीत असताना भरलेला डंपर उतारावर सोडू नका. उताराच्या आधीच खालचा गियर घ्या, नाहीतर मशीन उभं ठेवा. इंजिन ब्रेक हा मदतनीस आहे, पण तो नसला की सगळा भार सर्व्हिस ब्रेकवर येतो.

डंपरमिस्त्री

मशीन आता सपाटीच्या कामावर लावलंय. मापं घेतली.

थंड, बाहेरच्या कनेक्टरवरून इंजिनकडे: एक नंबर ४१ ओहम, दोन नंबर ४३.

मग दीड तास काम करून, इंजिन बंद करून लगेच: एक नंबर ५३. दोन नंबर ६१, मग ५८, हार्नेसला बोट लावलं तर ओएल (मीटरच्या हद्दीबाहेर, म्हणजे सर्किट ओपन), परत ६४.

दोन्ही वाढले बघून वाटलं दोन्ही कॉइल गेल्या की काय.

मीटरवाला

नाही, एक नंबर अगदी निरोगी आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांवर ४१ ओहमची कॉइल १०० अंशांवर ५३-५४ ओहम होणारच. मॅन्युअलमधला आकडा थंड कॉइलचा असतो. गरम कॉइल मोजून तो जुळवायला गेलात तर चांगला सोलेनॉइड भंगारात जातो.

दोन नंबरची कॉइल ४३ ची, ती गरम होऊन ५६ च्या आसपास स्थिर राहायला हवी. ती नाचतेय आणि बोट लावल्यावर ओपन होतेय. कॉइल अशी बोटाला लाजत नाही. हा जोड आहे, आणि तो इंजिनच्या बाजूला आहे, कारण ईसीएमकडची अर्धी बाजू तुम्ही कनेक्टर काढून बाजूला ठेवली होती. ईसीएम तूर्त सुटला.

थंड असताना ब्रेक का चालतो तेही यातच आहे. समजा जोडात २० ओहम आलेत. इंजिन चालू असताना सिस्टीम २८ व्होल्टला. थंड कॉइल ४३ ची, तर तिच्या वाट्याला १९ व्होल्ट आणि ०.४४ अँपिअर. गरम कॉइल ५६ ची, तर व्होल्ट थोडे वाढून २०.६, पण करंट ०.३७. सोलेनॉइडचा प्लंजर (आतला सरकता दांडा) व्होल्टने नाही, करंटने ओढला जातो. त्यात तापल्यावर जोड अजून सैल होतो आणि इंजिनची थरथर आहेच.

आता टॅपेट कव्हर उघडा. दोन गोष्टी सांभाळा. त्याच कव्हरखाली इंजेक्टरच्या वायरी आहेत, आणि अशा बऱ्याच इंजिनांत ईसीएम इंजेक्टरला शंभरेक व्होल्टचा झटका देतो. चावी बंद, बॅटरी स्विच बंद, थोडं थांबून मगच हात. आणि ओहम मोजताना सर्किटला सप्लाय नको, नाहीतर आकडा खोटा आणि मीटर गेला तर बोनस.

वायरीच_वायरी

कव्हर उघडल्यावर दोन सोलेनॉइडच्या वायरी आपापसात बदलून बघा, पोचत असतील तर. कोड १०७३ वरच राहिला तर सोलेनॉइड निर्दोष, १०७२ वर गेला तर सोलेनॉइड दोषी. कनेक्टर काढ-घाल करताना ईसीएम स्वतःच ओपनचे कोड टिपून ठेवतो, म्हणून प्रत्येक चाचणीआधी कोड पुसा. नाहीतर आपणच पेरलेले कोड आपणच शोधत बसतो.

कव्हरमधून वायरी बाहेर येतात त्या जोडाकडे नीट बघा. आतलं तेल वायरीच्या पेडांमधून, इन्सुलेशनच्या आतून वर चढत बाहेर येतं. दिव्यातल्या वातीत चढतं तसं. मी ईसीएमच्या कनेक्टरमध्ये तेल पाहिलंय, इंजिनापासून दोन मीटर लांब. तेल वीज वाहून नेत नाही, पण सील फुगवतं आणि बारीक मळ आत आणून पिनांवर बसवतं.

नवशिक्या_२

लाइव्ह डेटा पाहिला. अॅक्सिलरेटर शून्य. क्लच स्विच सतत "दाबलेला"!! पेडलखाली गेलो तर स्विचची पट्टी वाकलेली, पेडल पूर्ण वर आलं तरी स्विच दबत नाही. पट्टी सरळ केली, ब्रेक लागायला लागला. आठ महिने आम्ही "या मॉडेलचा ब्रेक असाच असतो" म्हणून बसलो होतो.

वायरीच_वायरी

छान. पट्टी सरळ केलीत, पण ती वाकली कशाने ते बघा. पेडलचा वर येण्याचा स्टॉपर झिजला असेल तर ती परत वाकेल.

तेलकट_हात

नवशिक्या, आता उलटंही तपासा. ब्रेक लागलेला असताना क्लच दाबला की लगेच सुटतो का? सुटला नाही तर गियर बदलताना इंजिन बंद पडेल.

आणि कुणाचा ब्रेक स्विच बंद करूनही सुटत नसेल तर आधी सोलेनॉइडचा कनेक्टर काढा. तरीही धरून बसला तर वायरी सोडा, प्लंजर अडकलाय किंवा तेलाला परतीची वाट नाही. तिथे माझं खातं सुरू होतं :)

डंपरमिस्त्री

कव्हर उघडलं. आधी वायरी अदलाबदल: कोड पुसले, मशीन तापवलं, पुन्हा १०७३. म्हणजे मी काढून टाकलेला सोलेनॉइड निर्दोष होता. असो.

मग इंजिन गरम असतानाच, सगळं बंद करून, दोन नंबरच्या सोलेनॉइडच्या थेट टर्मिनलवर मोजलं: ५६, स्थिर. बाहेरच्या पिनांवरून: ५९, ६६, ओएल. दोष त्या मधल्या एका वितीत.

कव्हरमधून बाहेर येणारा जोड काढला. तीन नंबरच्या खाचेतली फीमेल पिन (जिच्यात मेल पिन शिरते ती) पसरलेली आणि तपकिरी पडलेली. शेजारच्या तीन चकचकीत. नवी मेल पिन हातात घेऊन चारही खाचांत घालून बघितली. तिघींत चिकटून ओढावी लागते, तीन नंबरमध्ये स्वतःच्या वजनाने गळून पडते. जोडात तेल होतंच, वायरीच_वायरी म्हणाले तसं.

पिन पसरली कशी? त्याच खाचेच्या तोंडावर प्रोबचा ओरखडा आहे. कुणीतरी मीटरचा जाड प्रोब आत खुपसून मोजलंय. माझ्या मीटरचा प्रोबही तेवढाच जाड आहे, एवढंच सांगतो.

मीटरवाला

:) फीमेल पिनमध्ये प्रोब कधीच घालायचा नाही. त्याच मापाची मेल पिन छोट्या वायरीला क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) ठेवा, तिच्यावर मोजा. आणि वायरीच्या इन्सुलेशनला सुई टोचणाऱ्यांना माझा वेगळा नमस्कार. त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांबं हिरवं होऊन तुटतं.

पक्कडीने ती पिन दाबून तात्पुरतं करू नका. तपकिरी पडलेल्या पिनेचा ताण गेलेला असतो, दोन दिवस धरेल आणि परत पसरेल. पिन नवी, सील नवे. तेल चढलंय, म्हणून आतला छोटा हार्नेसही बदललात तर बरं.

लोडर_दादा

डाय-इलेक्ट्रिक ग्रीस भरू का विचारणार होतो, आता भीती वाटते विचारायला.

वायरीच_वायरी

विचारा की. सीलवर पातळ हात, बस्स. पिनांच्या खाचा ग्रीसने ठासून भरल्या तर कनेक्टर पूर्ण बसत नाही, कारण हवा अडकून तो मागे ढकलला जातो. बऱ्याच ठिकाणी कंपनी ग्रीस नकोच म्हणते, मॅन्युअल बघा.

डंपरमिस्त्री

आतला हार्नेस आणि जोड दोन्ही नवे टाकले. कोड पुसून चार दिवस मशीन पूर्ण शिफ्ट चालवलं, शेवटचे दोन दिवस उतारावर, आधी रिकामं, मग भरून. हायला पूर्ण जोर, आवाजही पूर्ण. गरम असताना बाहेरून मोजलं: ५३ आणि ५६, हार्नेस हलवला तरी आकडा जागचा हलत नाही. काउंट शून्य.

काढलेला सोलेनॉइड फेकायला निघालो होतो. त्याला दोन वायरी आणि दोन मेल पिना क्रिंप करून टूलबॉक्समध्ये ठेवलाय. आता ईसीएमच्या पिनला लोड द्यायचा असला की हाच लावणार.